लोकल आयडी चालत नाही

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघा मित्रांनी पुण्यात दोन रात्रींसाठी हॉस्टेल बुक केलं. कॉलेजनंतर चौघं चार शहरांत पांगलेलो. हॉटेलात दोन-दोनच्या खोल्या घेतल्या की गप्पा तुटतात, म्हणून डॉर्म, खाली कॉमन रूम, गच्चीवर कॅरम असं फोटोंवरून बघून ठरवलं. रिव्ह्यूंमध्ये 'सोशल' हा शब्द दर तिसऱ्या ओळीत होता.

काउंटरवरच्या पोराने चार आधार कार्डं घेतली आणि दोन परत केली. एकावर ता. शिरूर, दुसऱ्यावर ता. दौंड, दोन्हींवर जि. पुणे. "सॉरी सर, लोकल आयडी चालत नाही." दौंडचं कार्ड माझं. मी सात वर्षं बंगळुरूत राहतो, पण पत्ता बदलायचा कंटाळा केलेला. शिरूर पुण्यापासून सत्तरेक किलोमीटर, दौंड त्याहून थोडं लांब. आणि आम्ही लोकल!

हा नियम बऱ्याच हॉस्टेलांचा आहे, हे नंतर कळलं. गावातलीच पोरं फक्त पार्टी करायला येतात, प्रवाशांचा माहोल बिघडतो, असं कारण देतात. कारण अगदीच खोटं नसेल. पण मिळूनमिसळून राहायची जागा आणि दारावर कुणाला अडवायचं याचा नियम, ही जोडी किती जुनी आहे ते शोधायच्या नादात माझे पुढचे बरेच शनिवार-रविवार गेले.

युथ हॉस्टेलची गोष्ट जर्मनीतल्या रिचर्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरापासून सुरू होते. १९०९ साली मुलांना पायी सहलीला नेलं असताना वादळी पावसात त्यांना एका शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग पोरांना झोपायला का देऊ नयेत, हा विचार तिथला. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल उघडलं.

आमच्या तालुक्यातल्या यवतला मात्र हे कुणी शिकवायला लागलं नाही. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. आजही देहूहून निघालेली पालखी लोणी काळभोरनंतर यवतला आणि मग वरवंडला मुक्काम करते. यवतची पिठलं-भाकरी प्रसिद्ध आहे. त्या रात्री शाळा, देवळाची ओसरी, दुकानाची पायरी, उभ्या ट्रकखालची जागा, सगळीकडे माणसं झोपलेली असतात. आयडी कुणी विचारत नाही. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं.

तसं नव्हतं. याच वाटेच्या शेवटी, पंढरपुरात, मठ आणि धर्मशाळा जातवार होत्या. ज्यांना कुठेच दार उघडत नव्हतं त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्या माणसाने आयुष्यभर हातात खराटा आणि फुटकं गाडगं बाळगलं, त्याने मागे काय ठेवलं, तर दुसऱ्यांना टेकायला जागा. नाशिक, देहू, आळंदीतही त्यांच्या धर्मशाळा आहेत.

आंबेडकरांना या दाराचा अनुभव होताच. परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा हिंदू हॉटेलांत जागा मिळणार नव्हती, म्हणून ते पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत उतरले. वरच्या मजल्यावर ते एकटेच. दुसरा पाहुणा नाही, मिणमिणता दिवा, मोडकं सामान. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मला त्यातला हाकलण्याइतकाच तो रिकामा मजला छळतो. इतका शिकलेला माणूस, आणि संध्याकाळी दोन शब्द बोलायला कुणी नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा. महाडच्या तळ्यामुळे त्यातली पाण्याची बाब आपल्याला आठवते, पण धर्मशाळाही त्याच यादीत होत्या. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात तर धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना असे शब्दच आहेत.

आणि याच्या अगदी उलट टोकाला मुंबईतले गोवेकरांचे कूड. धोबी तलाव, माझगाव भागात प्रत्येक गावाचा वेगळा क्लब. बोटीवर नोकरीला जाणारे खलाशी, स्वयंपाकी, वादक तिथे थोडक्या पैशांत राहायचे. भिंतीला लागून ट्रंका, एका बाजूला संतांचं देव्हारं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. बोट लागेपर्यंत कुणी आठवडा राही, कुणी महिने. आत यायची अट काय, तर तुम्ही त्याच गावचे हवेत. म्हणजे तिथे लोकल आयडीच लागायचा! आमच्याकडच्या माणसांनी गिरणगावात केलेल्या गावकीच्या खोल्याही त्याच जातीच्या. पाळ्या बदलल्या की पथारी बदलायची, जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकटेपणा नव्हता, पण परका माणूसही नव्हता. गावातली जात मुंबईच्या खोलीतही सोबत आलेली असायची.

कूडला फक्त आपला माणूस चालत होता, हॉस्टेलला आपला सोडून कुणीही चालतो. दोघांनाही वाटतं, आपल्या नियमामुळेच इथे जमतं.

त्या रात्री पैसे परत मिळाले नाहीत. ज्यांना आत घेत होते ते दोघंही सॅक उचलून बाहेर आले, आणि आम्ही चौघं स्टेशनवर जाऊन दौंडची गाडी पकडली. गाडीत बसायला जागा नव्हती. पाटसच्या पुढे दाराशी उभ्या एका काकांनी विचारलं, कुठले तुम्ही पोरं? शिरूरवाल्याने गाव सांगितलं, तर त्यांची बहीण तिथेच दिलेली निघाली. उतरेपर्यंत ते तिच्या सासरबद्दल बोलत होते.

आता बुकिंगआधी मी फोन करून एकच प्रश्न विचारतो. आधारवरचा पत्ता अजून दौंडचाच आहे.