नैराश्य : ओळख आणि समुपदेशन (सोलापूर जिल्हा)

मनःस्थिती, विचार, झोप, भूक आणि कामाची उमेद यांवर एकाच वेळी परिणाम करणारा मानसिक आजार. जवळच्या माणसाचा मृत्यू, पिकाची नासाडी, परीक्षेतले अपयश यांमुळे येणारी उदासी बहुधा हळूहळू ओसरते आणि त्या काळातही माणूस मधूनमधून हसतो, जेवतो, कामाला लागतो. नैराश्यात मात्र खिन्नता किंवा कशातही रस न वाटणे ही स्थिती जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ आणि किमान दोन आठवडे टिकते. संसार, कामधंदा, शिक्षण यांची घडी त्यामुळे विस्कटते. जगातील प्रौढांपैकी साधारण विसांत एकाला हा आजार असतो. तो स्वभावदोष किंवा आळस नव्हे. समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधे यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.

बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात सुमारे २.७ टक्के प्रौढांत त्या वेळी नैराश्य आढळले. आयुष्यात केव्हा ना केव्हा ते येऊन गेलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होते. नैराश्यासारखे सर्रास आढळणारे मानसिक आजार असलेल्या दर दहांपैकी आठांहून अधिक जणांना उपचार मिळत नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

स्थानिक पार्श्वभूमी : सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४३ लाख, तर शहराची साडेनऊ लाख होती. एकेकाळी कापड गिरण्यांवर उभे असलेले हे शहर गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमाग, चादर-टॉवेलचे कारखाने आणि विडी वळण्याच्या कामावर तगले. विड्या वळणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. मोबदला नगावर मिळत असल्याने आजारपणाचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. ग्रामीण भागात एकीकडे उजनी धरणाच्या पाण्यावरचा ऊस, तर दुसरीकडे सांगोला, मंगळवेढ्यासारखे अवर्षणप्रवण तालुके आहेत. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू घराघरांत बोलली जाते. नैराश्याच्या निदानात या गोष्टीला फार महत्त्व आहे. बाजारात मराठी सफाईने बोलणारी बाई मनातले दुखणे मात्र माहेरच्या भाषेतच सांगू शकते.

लक्षणे : खिन्नता आणि आवडत्या गोष्टींतला रस जाणे ही दोन मुख्य लक्षणे होत. त्यांच्या जोडीला झोप उडणे किंवा फार झोपणे, भूक व वजन यांत बदल, सतत थकवा, एकाग्रता न होणे, स्वतःला कमी लेखणे, अकारण अपराधी वाटणे, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थ येरझारा आणि मृत्यूचे विचार ही लक्षणे दिसतात. पहाटे लवकर जाग येणे आणि सकाळी मन अधिक जड असणे हे तीव्र नैराश्यात विशेष आढळते.

प्रत्यक्षात रुग्ण ‘मला नैराश्य आहे’ असे म्हणत दवाखान्यात येत नाही. तो ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं जड झालंय’, ‘छातीत धडधडतं’, ‘हातापायाला मुंग्या येतात’, ‘झोपेची गोळी द्या’ असे सांगतो. घरातले ‘करमत नाही म्हणतो’, ‘कुणाशी बोलत नाही’ असे सांगतात. वेदना खऱ्या असतात; पण रक्त, लघवी, हृदयालेख सर्व ठीक निघते आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर रुग्ण परत जातो. म्हणून तपासण्या निर्दोष येऊनही महिनोन्‌महिने टिकणारी दुखणी हा नैराश्याविषयी विचारण्याचा इशारा मानतात.

वय आणि लिंगानुसारही रूप बदलते. पुरुषांत चिडचिड व वाढती दारू, शाळकरी मुलांत हट्ट, पोटदुखी व शाळा टाळणे, तर वृद्धांत विसराळूपणा व अबोला ही लक्षणे पुढे असतात. बाळंतपणानंतरचे नैराश्य ‘ओली बाळंतीण आहे, होतंच असं’ म्हणून दुर्लक्षित राहते. गोव्यात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगी झाल्यामुळे मिळणारी वागणूक यांच्याशी त्याचा संबंध दिसला.

ओळखण्याची साधने : नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ ही चाचणी सर्वाधिक वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक लक्षणाचा त्रास किती दिवस झाला यावरून ० ते ३ गुण देतात. एकूण २७ पैकी ५ ते ९ गुण सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र आणि २० व त्यावरचे गुण तीव्र लक्षणे दर्शवतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. त्याचे उत्तर होकारार्थी असल्यास एकूण गुण कमी असले तरी लगेच सविस्तर बोलणे आवश्यक असते. ही चाळणी आहे, निदान नव्हे. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधे आणि व्यसन यांमुळेही अशी लक्षणे दिसतात. पूर्वी कधी अति उत्साह, कमी झोपेतही थकवा नसणे, उधळपट्टी असा काळ येऊन गेला असेल, तर द्विध्रुवी विकाराची शक्यता तपासावी लागते, कारण त्याचे औषध वेगळे असते.

कारणे : आनुवंशिकता, मेंदूतील जैवरासायनिक बदल, बालपणातील आघात, दीर्घ आजार आणि सामाजिक ताण यांच्या एकत्रित परिणामातून आजार होतो. कर्जाचा तगादा, बेकारी, घरातली हिंसा, एकाकीपणा हे ताण त्याला खतपाणी घालतात. तथापि सर्व काही सुरळीत असलेल्या माणसालाही तो होतो. ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न त्यामुळेच निरर्थक ठरतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात यांच्या रुग्णांत नैराश्य लपलेले राहिल्यास मूळ आजाराचे उपचारही रेंगाळतात.

समुपदेशन : प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक वेळी, गोपनीयता राखून आणि निश्चित पद्धतीने केलेली संवादाची प्रक्रिया. ती उपदेशाहून वेगळी असते. पहिल्या भेटीत समुपदेशक त्रासाचा इतिहास, झोप, व्यसन, घरची परिस्थिती आणि आत्महत्येचे विचार यांविषयी विचारतो, पुढील भेटींचा आराखडा ठरवतो आणि औषधांची गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. भेट साधारण अर्ध्या ते पाऊण तासाची असते. रुग्णाच्या संमतीशिवाय तिथले बोलणे घरच्यांनाही सांगितले जात नाही. जिवाला धोका असेल तेव्हाच याला अपवाद केला जातो.

बोधात्मक वर्तनोपचारात ‘मी नालायक आहे’, ‘आता काही होणार नाही’ यांसारखे आपोआप उमटणारे विचार पुराव्यावर तपासायला शिकवतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्या लेखन-प्रशिक्षणातून रुजली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेनेही मराठीतून तिचा प्रसार केला. दुसरी पद्धत कृतीवर भर देते. मन लागेल तेव्हा काम करू, असे म्हणत माणूस काम टाळतो आणि त्याने मन आणखी खचते. हे चक्र तोडण्यासाठी दिवसाचे छोटे वेळापत्रक आखतात : सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी एक फेरी, एका मैत्रिणीला फोन, अर्धा तास मागावर काम. प्रत्येक कृतीनंतर मनाला कसे वाटले याची नोंद ठेवली जाते.

समुपदेशन केवळ उच्चशिक्षित तज्ज्ञच करू शकतात, हा समज गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या प्रयोगांनी बदलला. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र व तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास झाला. पूर्वी मानसिक आरोग्याचे शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षित आणि देखरेखीखाली काम करणाऱ्या स्थानिक समुपदेशकांनी कृतीवर आधारित सहा ते आठ भेटी दिल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ उपक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांमुळे मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. बहुभाषिक सोलापूरला हा धडा विशेष लागू पडतो. तेलुगू वा कन्नड बोलणारी, वस्तीतली, प्रशिक्षित आरोग्यसेविका मानसोपचारतज्ज्ञाच्या आधी रुग्णापर्यंत पोहोचू शकते.

औषधोपचार : मध्यम व तीव्र नैराश्यात नैराश्यरोधक औषधे मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने देतात. त्यांचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता जाणवते, म्हणून अनेक जण औषध सोडून देतात. या औषधांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी चटक लागत नाही. पण ती एकदम बंद केल्यास त्रास होतो. बरे वाटल्यावरही ती सहसा सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवून हळूहळू कमी करतात. विद्युत उपचार, ज्यांना लोक ‘शॉक’ म्हणतात, ते अतितीव्र नैराश्यात भूल देऊन केले जातात. भूल न देता ते करण्यास कायद्याने बंदी आहे.

मदतीची केंद्रे : शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’, येथील मानसोपचार विभाग हे मुख्य शासकीय केंद्र होय. राज्यातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी पुण्याचे येरवडा सोलापूरला सर्वांत जवळ आहे. मात्र नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना दाखल होण्याची गरज नसते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि त्याअंतर्गत जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातल्या प्रयोगावर त्याची आखणी झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना ओळख व प्राथमिक उपचारांचे प्रशिक्षण देणे हा त्याचा गाभा आहे. गावात आशा कार्यकर्ती ही पहिली पायरी ठरते.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असून ती मोफत व चोवीस तास चालते. मराठी, हिंदी, तेलुगू आणि कन्नड या भाषांत तिथे बोलता येते. ‘सिव्हिलच्या त्या ओपीडीत कुणी ओळखीचं दिसलं तर?’ या धास्तीने अडलेल्यांना हा मार्ग सोयीचा आहे.

खासगी समुपदेशक निवडताना शिक्षण विचारावे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून औषधे देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकाने मानसशास्त्राचे वा समाजकार्याचे शिक्षण आणि देखरेखीखालील अनुभव घेतलेला असावा. ‘तीन बैठकांत हमखास बरे’ अशी हमी देणारा टाळावा.

समज आणि प्रबोधन : ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋषीकडे नेण्याने मोलाचे महिने वाया जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. श्रद्धास्थानी गेल्याने धीर मिळत असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. उपचार मात्र थांबवू नयेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘कासव’ या नैराश्यावरील मराठी चित्रपटाला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. या आजाराची चर्चा घराघरांत नेण्यास त्याने हातभार लावला.

कायद्याची चौकट : २०१८ मध्ये अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने शासकीय खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळवण्याचा हक्क, माहितीची गोपनीयता आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांना विमा या तरतुदी केल्या. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे ही शासनाची जबाबदारी ठरते. पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

कुटुंबाची भूमिका व तातडीची स्थिती : ‘मन घट्ट कर’, ‘लोकांकडे बघ’ असे म्हणण्यापेक्षा शांतपणे ऐकणे, पहिल्या भेटीला सोबत जाणे, औषधांची वेळ सांभाळणे आणि छोट्या कामांत सामील करून घेणे उपयोगी पडते. मरणाचे विचार येतात का, असे थेट विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. उलट बोलण्याला वाट मिळते. निरवानिरवीची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे किंवा ‘मी नसले तर तुमचं बरं होईल’ असे उद्गार हे धोक्याचे संकेत होत. अशा वेळी व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके व जास्तीची औषधे दुसऱ्याच्या ताब्यात कुलूपबंद ठेवावीत आणि १४४१६, १०८ किंवा ११२ या क्रमांकांवर फोन करून रुग्णालय गाठावे.

पाठपुरावा : पहिल्या झटक्यातून बरे झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पुढे कधीतरी तो पुन्हा येतो. म्हणून उपचार संपताना समुपदेशक रुग्णाकडून त्याच्या स्वतःच्या पूर्वखुणांची यादी करून घेतो. कुणाची आधी झोप तुटते, कुणी फोन उचलणे सोडतो, कुणाचे हातातले काम रेंगाळते. ही यादी घरातल्या एका माणसालाही माहीत असेल, तर दुसऱ्या वेळी मदत महिन्यांऐवजी दिवसांत मिळू शकते.