ब्लॅकसॉडचा आकडा

३ जून १९४४. मध्यरात्र उलटून गेली आहे. तुम्ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, काउंटी मेयोमधल्या ब्लॅकसॉडच्या पोस्टात उभे आहात. बाहेर अटलांटिक गरजतोय. युरोपवर चाल करून येणाऱ्या वादळाची चाहूल ज्या मोजक्या ठिकाणी आधी लागते, त्यांतलं हे एक.

समोर मॉरीन फ्लॅविन आहे. आज तिला एकविसावं वर्ष पूर्ण होतंय, पण कामाची पाळी काही टळलेली नाही. केरीहून ती पोस्टातल्या नोकरीसाठी आली. हवामानाच्या नोंदीही घ्याव्या लागतील, हे तिला इथे आल्यावर कळलं. जरा पुढे वाकून पाहा. हवेचा दाब भराभर उतरतोय. दिसला तो आकडा ती लिहून काढते आणि पुढे पाठवते.

आयर्लंड दुसऱ्या महायुद्धात तटस्थ आहे. तरीही हे आकडे डब्लिनमार्गे गुपचूप इंग्लंडमधल्या डन्स्टेबलच्या हवामान केंद्राला पोचतात. हवामान हे सध्या दोन्ही बाजूंचं लष्करी गुपित आहे.

दिवस उजाडल्यावर फोन खणखणतो. इंग्लिश वळणाच्या उच्चारात एक बाई नोंद पुन्हा तपासायला सांगते. आपलं काही चुकलं का, या शंकेनं मॉरीन कावरीबावरी होते. दीपगृह सांभाळणारा, पुढे तिचा नवरा होणारा टेड स्वीनी पडताळून पाहतो. आकडा बरोबर आहे. थोड्या वेळानं पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर.

हे आकडे कशासाठी हवेत, ते तिला कुणी सांगितलेलं नाही. ५ जूनला दोस्तसेना नॉर्मंडीवर उतरणार आहेत. ब्लॅकसॉडच्या नोंदीचा मोठा आधार घेत हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅग वादळाचा इशारा देतात आणि दोस्तसेनांचे सरसेनापती आयझेनहॉवर मोहीम पुढे ढकलतात. ४ तारखेला दुपारी ब्लॅकसॉडहून पाऊस ओसरल्याची नोंद जाते. मुहूर्त ठरतो ६ जूनचा. त्या दिवशी दीड लाखांहून अधिक सैनिक फ्रान्समध्ये उतरले.

मॉरीनला हे सारं समजलं ते युद्ध संपून कित्येक वर्षं लोटल्यावर. २०२१ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं तिचा गौरव केला; डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ती गेली. नॉर्मंडीच्या इतिहासात सेनापतींच्या बरोबरीनं तिचंही नाव घेतलं पाहिजे. दिसला तोच आकडा तिनं लिहिला, आणि पुन्हा पुन्हा विचारल्यावरही तोच सांगितला.