बुन्सेनचं नाव, देसागांचे हात

बारावीच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसला बर्नरकडे कुणी नीट बघत नाही. सगळ्यांचं लक्ष ज्योतीच्या रंगाकडे. किरमिजी दिसली की स्ट्रॉन्शियम, निळसर हिरवी दिसली की तांबं. जर्नलमध्ये निरीक्षण लिहायचं, सरांची सही घ्यायची आणि सुटायचं. बर्नरची आठवण होते ती खालचं हवेचं भोक बंद राहिलं की. मग ज्योत पिवळी होते आणि परीक्षानळी काजळीनं काळी पडते.

नेमकी हीच पिवळी ज्योत १८५० च्या दशकात रॉबर्ट बुन्सेन यांना नको होती.

बुन्सेन १८५२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले. विद्यापीठानं त्यांना नवी प्रयोगशाळा बांधून द्यायचं कबूल केलं होतं. त्या काळात शहरात रस्त्यावरच्या दिव्यांसाठी कोळशाचा गॅस आला होता. तोच प्रयोगशाळेतही घ्यायचं ठरलं. पण दिव्याची आणि प्रयोगशाळेची गरज एकमेकांच्या उलट. दिव्यात गॅसला हवा कमी पडते, कार्बनचे बारीक कण तापून चमकतात आणि उजेड पडतो. रसायनशास्त्रज्ञाला मात्र उष्णता हवी. उजेड नको, काजळी तर नकोच.

बुन्सेन यांची कल्पना अशी, की गॅस पेटण्याआधीच त्यात हवा मिसळायची. ही कल्पना त्यांनी विद्यापीठाचे उपकरण-कारागीर पीटर देसागा यांना सांगितली. प्रयोगशाळेचं बांधकाम अजून चालूच होतं. १८५५ च्या सुरुवातीला इमारत उघडली, तेव्हा देसागांनी विद्यार्थ्यांसाठी ५० बर्नर तयार ठेवले होते.

रचना साधी दिसते. तळाच्या बारीक छिद्रातून गॅस जोरात वर उसळतो, बाजूच्या भोकांतून हवा आत ओढतो, नळीत दोन्ही मिसळतात आणि वरच्या तोंडाशी जळतात. खरी मेख मापांत आहे. मिश्रण वर चढण्याचा वेग ज्योत खाली सरकण्याच्या वेगापेक्षा जास्त हवा. तो कमी पडला, की ज्योत नळीत शिरून तळाशी जळू लागते. छिद्र केवढं, नळी किती रुंद, भोकं किती मोठी, हे नुसत्या कल्पनेतून कळत नाही. ते धातूवर काम करणाऱ्या हातांना शोधावं लागतं.

या ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नव्हता, म्हणून तिच्यात धरलेल्या पदार्थाचा रंग स्वच्छ दिसू लागला. मिसळलेले रंग वेगळे ओळखायला बुन्सेन रंगीत काचा आणि द्रावणं वापरत. त्याऐवजी प्रिझम वापरावा, असं त्यांचे सहकारी गुस्ताव किरखॉफ यांनी १८५९ मध्ये सुचवलं. त्यातून दोघांचा वर्णपटदर्शक तयार झाला. १८६० मध्ये खनिज पाण्याच्या अवशेषात दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. ते मूलद्रव्य सीझियम. पुढच्याच वर्षी लाल रेषांवरून रुबिडियम सापडलं.

बुन्सेन यांनी बर्नरचं पेटंट घेतलं नाही. १८५७ मध्ये त्यांनी हेन्री रॉस्को यांच्यासोबत त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तो सगळ्यांचा झाला. देसागा बर्नर बनवून विकत राहिले. खरं तर हवा आधी मिसळण्याची युक्ती मायकल फॅरडे यांच्या आधीच्या एका बर्नरमध्येही होती. म्हणजे तत्त्व पूर्वीचं, गरज बुन्सेन यांची आणि चालणारी वस्तू देसागांची. पाठ्यपुस्तकात मात्र एकच नाव राहिलं.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना ही विभागणी ओळखीची वाटेल. काय हवं हे नेमकं सांगणं सोपं नसतं, त्यामुळे बुन्सेन यांचं श्रेय खोटं नाही. पण विद्यार्थ्यांनी बर्नर पेटवल्यावर ज्योत नळीत न शिरता वरच टिकली पाहिजे, ही जबाबदारी देसागांची होती. आणि ती त्यांनी पन्नास वेळा पार पाडली.