यकृत कर्करोगाचे शीघ्र निदान

चिरकारी (दीर्घकाल टिकणाऱ्या) यकृतशोथाच्या रुग्णांमध्ये लक्षणे उद्भवण्यापूर्वीच यकृताचा कर्करोग ओळखण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. अर्बुद (गाठ) लहान असताना रुग्णास सहसा कोणताही त्रास होत नाही. वेदना, कावीळ किंवा जलोदर दिसेपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

रक्तातील खूण : १९६३ मध्ये मॉस्को येथे गारी आबेलेव्ह व त्यांचे सहकारी यांना यकृतार्बुद असलेल्या उंदरांच्या रक्तात, एरवी गर्भावस्थेत आढळणारे एक प्रथिन सापडले. पुढील वर्षी यूरी टाटारिनोव्ह यांनी ते मानवी रुग्णाच्या रक्तातही असल्याचे दाखविले. हेच आल्फा-फीटोप्रोटीन होय. मात्र प्रत्येक यकृत कर्करोगात ते वाढत नाही आणि कर्करोग नसताना केवळ यकृतशोथामुळेही वाढू शकते.

तपासणी कोणाची : बरूक ब्लूमबर्ग यांनी १९६५ मध्ये वर्णिलेले ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ पुढे यकृतशोथ-बी व्हायरसाचे पृष्ठीय प्रतिजन ठरले व त्यावरून वाहक ओळखता येऊ लागले. तैवानमधील २२,७०७ पुरुषांच्या निरीक्षणावरून पामर बीझ्ली व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये असे दाखविले की, वाहकांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या २२३ पट असतो. यकृतशोथ-सी व्हायरसाचा शोध १९८९ मध्ये लागला.

निदान व मृत्युमान : रोग लवकर सापडला की, निदानानंतरचा काळ आपोआप लांबतो, त्यावरून आयुष्य वाढले असे सिद्ध होत नाही. चीनमधील छीदोंग येथे १९८९ पासून ५,५८१ वाहक पुरुषांवर झालेल्या प्रयोगात याचा प्रत्यय आला. आल्फा-फीटोप्रोटीनाची नियमित तपासणी झालेल्या गटात सु. ३०% कर्करोग पहिल्या अवस्थेत सापडले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६% होते. तथापि पाच वर्षे जगलेले रुग्ण दोन्ही गटांत सु. ४% च होते. निदानामागोमाग परिणामकारक उपचार झाले नव्हते.

शांघायमध्ये १९९३ पासून १८,८१६ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात दर सहा महिन्यांनी रक्ततपासणीबरोबर श्राव्यातीत ध्वनिचित्रण (सोनोग्राफी) करण्यात आले. कर्करोग आढळलेल्यांपैकी तपासणी गटात ४६·५% रुग्णांचे अर्बुद शस्त्रक्रियेने काढता आले. दुसऱ्या गटात ७·५% रुग्णांचेच काढता आले. नियोजित तपासण्यांपैकी केवळ ५८% पार पडूनही यकृत कर्करोगाचे मृत्युमान ३७% कमी झाले. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेण्यात आले. तरी आजच्या प्रथेचा तो एक प्रमुख आधार आहे.

यकृत-सूत्रण (सिऱ्होसिस) झालेले रुग्ण व अधिक धोक्याचे यकृतशोथ-बी वाहक यांची आज दर सहा महिन्यांनी ध्वनिचित्रणाने तपासणी करतात. त्यास अनेकदा आल्फा-फीटोप्रोटीनाची जोड देतात. यकृतशोथ-सी औषधांनी पूर्ण बरा झाला, तरी सूत्रण झालेल्या यकृतातील धोका संपत नाही. म्हणून अशा रुग्णांची तपासणी चालूच ठेवावी लागते.