गुलटेकडी ते न्यूयॉर्क : हापूस आंब्याच्या अटलांटिकपार हवाई वाहतुकीचे नियोजन व अंदाजपत्रक (इ. स. २००६ ते २०२५)

प्रस्तावना

पुणे शहरातील गुलटेकडी येथील श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड ही महाराष्ट्रातील प्रमुख घाऊक बाजारपेठांपैकी एक होय. माघ-फाल्गुनापासून कोकणातील हापूसच्या पेट्या येथील फळबाजारात उतरू लागतात आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मागणी शिगेला पोहोचते. या व्यापाराचा हिशेब बागायतदाराच्या हाती पडणाऱ्या पट्टीवर मावतो. मालाची किंमत, त्यातून वजा झालेले गाडीभाडे, हमाली व इतर खर्च आणि शेवटी उरणारी रक्कम, एवढाच त्याचा विस्तार असतो.

याच आवारात महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे मुख्यालय आहे. २३ मार्च १९८४ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाच्या कामकाजात इ. स. २००७ पासून हापूसचा आणखी एक हिशेब दाखल झाला. तो होता अमेरिकेला विमानाने जाणाऱ्या आंब्याचा. फळ तेच, परंतु हा हिशेब एका पट्टीवर मावणारा नव्हता. त्यात कीडनियंत्रण, किरणोत्सारी कोबाल्ट, परदेशी निरीक्षकांचा खर्च, विमानातील जागा आणि दोन सरकारांमधील करार यांचा समावेश होता. प्रस्तुत निबंधात या हिशेबाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. अटलांटिकपार हवाई वाहतुकीचे अंदाजपत्रक कसे आकारास आले, संपूर्ण विमान भाड्याने घेणे या व्यापाराला का परवडणारे नव्हते आणि या प्रवासातील जोखीम अखेरीस कोणाच्या वाट्याला आली, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एअर इंडियाने १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत सेवा सुरू केली आणि मुंबई प्रथमच भारतीय विमानसेवेने अटलांटिकपलीकडे जोडली गेली. कोकणातून मुंबईत आलेला माल काही दिवसांत अमेरिकेत पोहोचणे तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले. तथापि विमान उपलब्ध असणे म्हणजे बाजारपेठ उपलब्ध असणे नव्हे. फळमाशी आणि कोयीतील सोंडकिडा यांच्या प्रादुर्भावाच्या भीतीमुळे १९८९ पासून भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार बंद झाले व ते जवळजवळ अठरा वर्षे बंदच राहिले.

सोंडकिडा फळाच्या आत, कोयीमध्ये वाढतो. बाहेरून फळ निर्दोष दिसते, त्यामुळे केवळ डोळ्यांनी केलेल्या तपासणीवर अमेरिकन अधिकारी विसंबून राहू शकत नव्हते. यावर विकिरण हा मार्ग निघाला. अमेरिकेच्या कृषी खात्यातील एफिस या यंत्रणेने जानेवारी २००६ मध्ये बहुतेक कीटकांसाठी ४०० ग्रे ही किमान विकिरण मात्रा मान्य केली. २ मार्च २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या दिल्लीतील भेटीत आंब्याचा विषय पुढे सरकला. १२ मार्च २००७ रोजी एफिसचा अंतिम नियम प्रसिद्ध झाला आणि एप्रिल २००७ च्या अखेरीस पहिली खेप न्यूयॉर्कला उतरली. याच सुमारास भारताने हार्ले डेव्हिडसन मोटरसायकलींच्या आयातीचा मार्ग मोकळा केला. आंब्याच्या प्रवासखर्चात राजनैतिक देवघेव ही बाबही समाविष्ट होती, हे यावरून ध्यानात येते.

प्रवासाचे नियोजन

नव्या नियमाने आंब्याचा मार्गच बदलून टाकला. अणुऊर्जा खात्याने २००२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे 'कृषक' हे कोबाल्ट-६० वर चालणारे विकिरण केंद्र सुरू केले होते. त्यामागील मूळ हेतू कांद्याला कोंब फुटू नयेत हा होता. २००७ मध्ये अमेरिकेची मान्यता मिळालेले भारतातील केंद्र हेच होते. त्यामुळे रत्नागिरी किंवा देवगडच्या बागेतील फळ मुंबईचा विमानतळ गाठण्यापूर्वी घाट चढून लासलगावला जाई आणि तेथून पुन्हा मुंबईकडे उतरे. समुद्रकिनाऱ्यावरच्या फळाला विमानात बसण्यासाठी कांद्याच्या गावाला वळसा घालावा लागत होता.

या वळशाचा परिणाम केवळ गाडीभाड्यापुरता नव्हता. हापूस तोडल्यापासून पिकण्यास लागणारे दिवस मोजके असतात. तोडणी, प्रतवारी, पॅकहाऊसमधील धुलाई, बुरशीजन्य रोगांसाठी प्रक्रिया किंवा बागेची पूर्वतपासणी, शीतकरण, कीडरोधक जाळी असलेल्या पेट्यांत बांधणी, विकिरण, एफिसच्या निरीक्षकांसमक्ष तपासणी आणि त्यानंतर विमान, असा हा क्रम होता. त्यातील एक टप्पा लांबला की पुढील सर्व टप्पे लांबत. विमानातील राखून ठेवलेली जागा हुकली, तर फळ मुंबईतच पिकू लागे. विमानाचे वेळापत्रक फळाला जुळवून घेत नाही, फळालाच वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागते, हा या नियोजनाचा पाया होता.

पणन मंडळाने कोकणात नाचणे व जामसंडे येथे निर्यात सुविधा केंद्रे उभारली आणि पुढे नवी मुंबईतील वाशी येथे स्वतःचे विकिरण केंद्र चालविण्यास घेतले. वाशीचे केंद्र मुंबईच्या विमानतळाजवळ असल्याने लासलगावचा वळसा टळला. अंदाजपत्रकाच्या भाषेत सांगायचे तर, गुलटेकडीहून झालेल्या नियोजनाने हापूसच्या आयुष्यातील वाया जाणारे तास कमी केले.

संपूर्ण विमान की विमानातील कोपरा?

अटलांटिकपार प्रवासासाठी अख्खे विमान भाड्याने घेण्याचे गणित या काळात पुण्याला अपरिचित नव्हते. लुफ्तान्साने २००२ मध्ये प्रायव्हटएअर या स्विस कंपनीचे केवळ ४८ आसनांचे बोइंग ७३७ विमान कर्मचाऱ्यांसह भाड्याने घेऊन ड्युसेलडॉर्फ ते न्यूअर्क ही अटलांटिकपार सेवा चालविली. त्याच पद्धतीने २००८ मध्ये पुणे ते फ्रँकफर्ट सेवा सुरू झाली. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे व तेथील धावपट्टी लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांना अपुरी पडते. त्यामुळे पुण्यातील उद्योगक्षेत्राच्या गरजेला असे छोटे, महागडे विमान सोयीचे ठरले.

अशा विमानाच्या अंदाजपत्रकात उड्डाणाचे तास, इंधन, वैमानिकांच्या कामाच्या वेळेची मर्यादा, इतर देशांच्या आकाशातून जाण्याचे शुल्क, विमानतळाचे शुल्क आणि परतीचा रिकामा प्रवास यांचा खर्च धरावा लागतो. यांपैकी शेवटची बाब सर्वांत फसवी असते, कारण एका दिशेच्या प्रवासासाठी दोन दिशांचे पैसे मोजावे लागतात. मोजके प्रवासी हा भार उचलू शकतात, कारण त्यांच्या वेळेची किंमत त्यांच्या कंपन्या देतात. आंब्याच्या बाबतीत असे घडत नाही.

आकडेवारीवरून हे अधिक स्पष्ट होते. मोठ्या मालवाहू विमानाची क्षमता साधारण १०० टन असते. २००७ च्या पहिल्या हंगामात अमेरिकेला गेलेला भारतीय आंबा सुमारे १५७ टन होता. संपूर्ण हंगामाचा माल दीड विमानात मावला असता. तो आठ-दहा आठवड्यांत विभागला, तर आठवड्याला सरासरी १५ ते २० टन होतात. अशा स्थितीत विमान भाड्याने घेणे म्हणजे पाच माणसांसाठी एस. टी.ची अख्खी गाडी आरक्षित करण्यासारखे होते. पुढे निर्यात वाढली. २०१७-१८ मध्ये ८०० टन, २०१८-१९ मध्ये ९५१ टन आणि २०१९-२० मध्ये १,०९५ टन आंबा अमेरिकेला गेला. तेव्हाही हा माल निरनिराळ्या राज्यांतील, निरनिराळ्या जातींचा आणि अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांसाठीचा होता. एका विमानात एका ठिकाणी उतरविण्याजोगा तो नव्हता. परिणामी प्रवासी विमानांच्या पोटातील मालकक्षात जागा घेणे, हाच व्यवहार्य मार्ग राहिला.

अंदाजपत्रकातील दृश्य व अदृश्य बाबी

विमानातील जागेचे भाडे फळाच्या नव्हे, तर पेटीच्या वजनावर आकारले जाते. तीन किलो आंब्याच्या पेटीचे पुठ्ठा व बांधणीसह वजन साडेतीन किलो धरले, तर प्रत्येक किलो फळामागे सुमारे १७ टक्के जादा भाडे केवळ आवरणासाठी पडते. पेटी वजनाने हलकी पण आकाराने मोठी असेल, तर आकारमानावरून वजन काढले जाते. त्यामुळे पेटीत फळे कशी रचावीत, हा प्रश्न सौंदर्याचा नसून खर्चाचा ठरतो.

दुसरी बाब निरीक्षकांची. एफिसचे अधिकारी भारतात येऊन तपासणी करीत आणि त्यांचा खर्च भारतीय बाजूने आगाऊ भरावा लागे. हा खर्च स्थिर स्वरूपाचा होता. दहा टन माल गेला काय किंवा शंभर टन गेला काय, निरीक्षक यावाच लागे. म्हणूनच निर्यात कमी असलेल्या आरंभीच्या वर्षांत दर किलोमागील बोजा अधिक होता.

तिसरी बाब अधिकृत आकडेवारीत दिसतच नाही. २०१९-२० मधील १,०९५ टनांचे निर्यातमूल्य सुमारे ४३.५ लाख डॉलर, म्हणजे किलोला जवळपास चार डॉलर होते. परंतु भारतीय निर्यातीचे मूल्य माल देशाबाहेर पडण्याच्या ठिकाणापर्यंतचे धरले जाते. अटलांटिक ओलांडण्याचे भाडे त्यात नसते. या व्यापारातील सर्वांत मोठा खर्च त्याच्या सर्वांत ठळक आकड्याबाहेर राहतो. न्यूजर्सीतील मराठी ग्राहकाला पेटी महाग वाटते आणि रत्नागिरीतील बागायतदाराला मिळालेला भाव थोडा वाटतो. दोघांचेही म्हणणे खरे असते, कारण मधला प्रवास दोघांनाही दिसत नाही. मेक्सिकोचा आंबा रस्त्याने अमेरिकेत पोहोचतो. त्याच्याशी किमतीत स्पर्धा करणे हापूसला या प्रवासखर्चामुळेच अवघड जाते.

जोखमीचा प्रश्न

अंदाजपत्रकाची खरी कसोटी संकटकाळी लागते. २०२० व २०२१ या दोन हंगामांत करोना साथीमुळे एफिसचे निरीक्षक भारतात येऊ शकले नाहीत आणि अमेरिकेची निर्यात थांबली. फळ, केंद्र व ग्राहक असूनही केवळ एका तपासणीअभावी मार्ग बंद झाला. नोव्हेंबर २०२१ मधील उभय देशांच्या समझोत्यानंतर देखरेखीची जबाबदारी टप्प्याटप्प्याने भारतीय यंत्रणेकडे येण्याची तरतूद झाली व २०२२ च्या हंगामात निर्यात पुन्हा सुरू झाली. २०२३ मध्ये ती २,००० टनांच्या पुढे गेली.

मे २०२५ मध्ये मात्र वेगळाच प्रसंग उद्भवला. विकिरणासंबंधीच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचे कारण देऊन लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को व अटलांटा येथे आंब्याच्या सुमारे १५ खेपा नाकारण्यात आल्या. निर्यातदारांपुढे दोनच पर्याय होते. माल परत आणणे किंवा तेथेच नष्ट करणे. नाशवंत फळाच्या परतीचे भाडे भरण्यात अर्थ नसल्याने माल नष्ट करण्यात आला. नुकसानीचा अंदाज सुमारे पाच लाख डॉलर वर्तविला गेला. भाड्याच्या विमानाच्या हिशेबात परतीचा रिकामा प्रवास आधीच धरलेला असतो. आंब्याच्या हिशेबात परतीच्या प्रवासाला रकानाच नव्हता.

दरम्यान, जून २०२२ मध्ये न्हावाशेवा बंदरातून ५,५२० पेट्या, म्हणजे १६,५६० किलो आंबा जहाजाने न्यूअर्कला रवाना झाला व सुमारे पंचवीस दिवसांनी पोहोचला. समुद्रमार्गाचे भाडे विमानाच्या तुलनेत कितीतरी कमी असते. परंतु पंचवीस दिवसांचा प्रवास सोसण्यासाठी तोडणीची पक्वता, विकिरण व शीतसाखळी यांत अधिक काटेकोरपणा लागतो. पैशाची बचत करायची तर वेळेची जोखीम पत्करावी लागते, हे सूत्र येथेही कायम राहते.

निष्कर्ष

१. हापूसच्या अटलांटिकपार प्रवासात निर्णायक ठरले ते विमान नव्हे, तर विमानापूर्वीचे टप्पे. लासलगावहून वाशीला झालेले स्थलांतर हे त्याचे प्रमुख उदाहरण होय.

२. संपूर्ण विमान भाड्याने घेणे या व्यापाराला कधीच परवडणारे नव्हते. विमानप्रवासापूर्वीचा जो स्थिर खर्च एकट्याला पेलवणारा नव्हता, तो पणन मंडळाने उभारलेल्या सामाईक सुविधांमुळे अनेकांत विभागला गेला.

३. खर्च सामाईक झाला, पण जोखीम सामाईक झाली नाही. तपासणी थांबली किंवा खेप नाकारली गेली, तर नुकसान निर्यातदाराचे व त्याच्यामार्फत बागायतदाराचे होते. नाकारलेल्या खेपांसाठी सामाईक निधी किंवा विमा ही या अंदाजपत्रकातील अद्याप न भरलेली ओळ म्हणता येईल.

मार्केट यार्डातील पट्टीवर गाडीभाडे व हमाली स्पष्ट लिहिलेली असते. बागायतदाराला ती पटो वा न पटो, ती त्याला वाचता येते. न्यूयॉर्कच्या प्रवासाचा हिशेबही त्याला तितक्याच सहजपणे वाचता यावा, ही अपेक्षा या दोन दशकांच्या इतिहासातून पुढे येते.