रोव्हर्स चषकाची कहाणी

सातारा-सांगलीकडील कित्येक घरांना ‘पलटण’ हा शब्द परका नाहीं. मुंबईंतील रोव्हर्स चषकाच्या फुटबॉल-सामन्यांचा इतिहासही पलटणींपासूनच सुरू होतो. १८९१ सालीं पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या गोऱ्या शिपायांनीं जिंकला. पुढें कित्येक वर्षें तो गोऱ्या पलटणींकडेच जात राहिला. १९२३ सालीं कलकत्त्याचा मोहनबागान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला; परंतु डरहॅम लाइट इन्फन्ट्रीपुढें त्यास हार खावी लागली. अखेर १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या भारतीय संघानें ही मिरासदारी मोडली. राज्य परक्यांचें होतें. पण मैदानावर नियम दोघांनाही एकच होता. २०००-०१ च्या हंगामानंतर ही स्पर्धा बंद पडली. तरी राज्यकर्त्यांशीं बरोबरीनें झुंजतां येतें, हा धडा तिनें स्वातंत्र्यापूर्वींच दिला होता.