खराटा

डोळे उघडले तरी काही दिसत नाही. घाबरू नका, डोळे शाबूत आहेत. पहाटेचे चार वाजलेत आणि तुम्ही गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा गावाच्या रानात उभे आहात. शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून पुढे सगळे याला मेंढा-लेखा म्हणू लागतील. साल 1990 च्या आसपासचं. मोबाइलसाठी खिसा चाचपू नका. सापडेल तो फक्त लायटर, आणि त्याचाही मोह थोड्याच वेळात पडणार आहे.

टप्प.

डोक्यावर काहीतरी ओलं, गारेगार पडलं. पुन्हा टप्प. मग आजूबाजूला टपटप सुरूच. वर मोहाचं झाड आहे आणि त्याची फुलं गळताहेत. एक उचलून तोंडात टाका. गर जाड, आत रस, आणि गोडी अशी की दातांना झिणझिण्या याव्यात. वास मात्र सरळ नाही. आधी गोड, मग आंबूस, आणि पाठोपाठ ओलं घोंगडं पिकल्या फणसाशेजारी ठेवावं तसा काहीतरी. दोन मिनिटांत तो कपड्यांत शिरतो, पाचव्या मिनिटाला तुम्हाला तो आवडायला लागतो.

तुमच्या बाजूला एक म्हातारी टोपली घेऊन बसली आहे. बसूनच आहे, वेचत नाही. तुम्ही वाकता तशी ती मनगट धरते.

"थांबा ना जी पाहुणे. त्याचं होऊ द्या, मंग आपलं."

त्याचं म्हणजे कोणाचं, हे विचारायच्या आत पलीकडून चपचप आवाज येतो. अंधाराचाच एक केसाळ ढीग झाडाखाली हलतोय. अस्वल. तुमचे पाय जमिनीत रुजतात. म्हातारी मात्र गावच्या नळावर पुढच्या बाईची कळशी भरेपर्यंत थांबावं तशी थांबलेली. दूर कुठेतरी रातवा पक्षी चक् चक् करतोय. फटफटायला लागतं, ढीग उठतो, नाकानं फुसफुसत निघून जातो आणि म्हातारी पदर खोचते.

आता वेचा. सोपं वाटलं होतं ना? खाली सागाचा, मोहाचा, ऐनाचा वाळका पाला घोटाभर साचलाय. फूल पडतं ते पानांच्या चुण्यांत जाऊन बसतं. एकेक पान उलटावं लागतं. नखांत माती जाते, बोटाला काटा टोचतो, विंचवाच्या शंकेनं हात आखडतो. तासाभरात पाठीचा कणा बोलायला लागतो आणि टोपलीचा तळही झाकलेला नसतो. नेमकी अशा वेळी खिशातल्या लायटरची आठवण येते. एक काडी लावली की पाला भुर्रकन जळेल, खालची जमीन पाटीसारखी साफ होईल, आणि उद्या पडलेलं प्रत्येक फूल त्यावर मोत्यासारखं दिसेल. पिढ्यान् पिढ्या माणसं हेच करत आलीत. त्यांना अडाणी म्हणण्याआधी आपली कंबर एकदा दाबून बघा.

पाय उचलता उचलता तुम्ही थबकता. पाल्यावर दोन अंडी, पाल्याच्याच रंगाची. घरटं नाही, काडी नाही, काही नाही. पालाच घरटं. रातव्याची.

ऊन चढतं. नऊ वाजता डोकं तापतं, अकराला रान स्वतःशीच कुरकुरायला लागतं. गावात अंगणाअंगणांत मोह वाळत पडलाय. सकाळी लोण्याच्या रंगाचा होता, आता मनुक्यासारखा तांबूस होत चाललाय. कोंबड्या त्यात शिरतात, पोरं त्यांना हाकलता हाकलता मूठभर तोंडात टाकतात. तुमच्या हातात पानाचा द्रोण येतो, तुंब्यातली आंबील त्यात ओतली जाते. आंबट, थंड. पहिला घोट नाइलाजानं, दुसरा आपणहून, तिसऱ्याला तुम्ही द्रोण पुढे करता.

बोलणं गोंडीत चाललंय, त्यामुळे निम्मं हातवाऱ्यांवरून समजून घ्यायचं. गावच्या गोटुलाची गोष्ट मात्र कोणीतरी मुद्दाम मराठीत सांगतो. तरण्या पोरांचं ते घर गावानं आपल्या रानातल्या सागाच्या खांबांवर उभारलं. वन खात्याची माणसं पोलीस घेऊन आली आणि ते पाडलं. मग आजूबाजूची गावं जमली, आणि एकट्या मेंढ्यातच नव्हे, आणखी कितीतरी गावांत गोटुलं उभी राहिली. सांगणारा हसतो. तुम्ही खांबावर हात फिरवता. तासणीचे वळ अजून बोटांना लागतात.

रात्री ग्रामसभा. इथे जरा बैठक मारून बसा, कारण घाई करणाऱ्यांचं हे ठिकाण नाही. कंदिलाभोवती किडे, बिडीचा धूर, घामाचा आणि मोहाचा मिळून एकच वास, मांडीवर झोपलेली लेकरं. बाया आहेत, पुरुष आहेत. गाव चारशेच्या आसपास माणसांचं, त्यामुळे कोण आलं नाही हेही लगेच कळतं. मतदान नाही. हात वर करून मोजणी नाही. सगळ्यांना पटेल तेव्हा ठरलं. एकाला जरी पटलं नाही तरी पुन्हा बसायचं. बाहेरून आलेल्या शहाण्यांसाठी वेगळा अभ्यास गट असतो. तिथे त्यांनी हवं तेवढं सांगावं, निर्णय मात्र गावाचा. थोडक्यात, तुम्ही गप्प बसायचं. अवघड जाईल, माहीत आहे.

आजचा विषय वणवा. रानाला आग लावायची नाही, लागली तर सगळ्यांनी धावायचं. माना डोलतात. रोपं जळतात, माती उघडी पडते आणि पहिल्याच पावसात वाहून जाते, हे कोणी कोणाला शिकवायला नको. एवढ्यात मागून एक म्हातारा खाकरतो.

"अन् मोह कसा वेचाचा? तुमची कंबर जवान आहे. माझी नाही."

सभा शांत. तुम्ही मनातल्या मनात त्याच्या बाजूनं हात वर केलेला असतो. सकाळची पाठ अजून ठणकतेय. कोणीतरी म्हणतं, झाडून घ्यायचं. म्हातारा म्हणतो, "आठ-दहा झाडं आहेत, तू येशील झाडाले?" हशा. पुन्हा तोच मुद्दा, पुन्हा दुसऱ्या बाजूनं. तुम्ही घड्याळ बघता. कोणीच बघत नाही. मध्यरात्र होते, लेकरं खांद्यावर घेऊन माणसं उठतात. ठरलं काय? काही नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा. तुम्ही चिडता. शहरात आपण दहा मिनिटांत ठराव करतो आणि अकराव्या मिनिटाला तो मोडतो, हे तेवढं आठवू नका म्हणजे झालं.

परतीच्या वाटेवर आपलं कालयंत्र घसरतं आणि भलतीकडे नेऊन टाकतं. 27 एप्रिल 2011. तेच गाव, पण गाड्यांची रांग, धूळ, कर्णा आणि मांडवाखाली भाजून निघालेली गर्दी. सुमारे 1800 हेक्टर रानावरचा सामूहिक हक्क गावाला 2009 मध्ये मिळालाय, तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना सरकारच्याच हातात अडकून होता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणतं आणि 1927 चा वन कायदा तेव्हा झाड म्हणायचा. या एका शब्दापायी गावाचा बांबू अडलेला. आज केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आलेत आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती देताहेत. टाळ्या, फोटो. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तुम्ही पुस्तकांत वाचली असेल. इथे ती घशाला कोरड पडलेल्या माणसांच्या तोंडून ऐका. क्षण मोठा आहे, पण खरं सांगू, मला इथे फार वेळ थांबवत नाही. मांडवात मोहाचा वास येत नाही.

म्हणून मागे वळू. त्या बैठकीनंतर दोन-तीन चैत्र गेलेत. पहाट, अंधार, टपटप. आणि त्यात एक नवा आवाज.

खर्रर. खर्रर.

म्हातारा खराट्यानं पाला ओढतोय. प्रत्येक फटकाऱ्यासोबत एक शिवी, कधी पाल्याला, कधी ग्रामसभेला, कधी कमरेला. झाडाखालची जमीन स्वच्छ होत चाललीय आणि पहिली फुलं तिच्यावर पांढुरकी दिसायला लागलीत. एका जागी खराटा थांबतो. परातीएवढं पाल्याचं वर्तुळ तो तसंच ठेवतो आणि वळसा घालून पुढे जातो. तुम्ही वाकून बघता. रातवा अंड्यांवर बसलाय, डोळे मिटल्यासारखे, पानासारखा पान.

म्हाताऱ्यानं तुम्हाला पाहिलंय. तो खराटा पुढे करतो.

"धरा जी. ते पल्याडचं झाड राह्यलं."